लेकीचा वांटा

आम्हां कोंकणांतील ख्रिस्ती जनांच्या घरीं विवाहापूर्वीं रोस होतो. शेजारच्या हिंदु घरीं हळद लागते. सन १७३६ मध्यें इन्क्विझिशननें गोव्यांत कित्येक देशी विवाहचालींवर बंदी घातली, तरी नारळाचा रोस टिकला. लेकीला न्हाऊ घालणारी माया दोन्ही घरीं एकच राहिली.

कायदे मात्र निराळे. पिता मृत्युपत्राविना वारल्यास सन १९२५ चा कायदा ख्रिस्ती कन्येस पुत्राइतका वांटा देतो. हिंदु कन्येस वडिलार्जित मिळकतींत तो महाराष्ट्रांत १९९४ पासून अंशतः व २००५ पासून पूर्णतः मिळाला. तथापि माहेर तुटूं नये म्हणून हक्कसोडपत्रावर लेक पुष्कळदां दोन्ही घरीं सही करते.

ईयोबानें कन्यांस बंधूंबरोबर वतन दिलें. या महोत्सवीं नांदगावच्या घरांनींही तसेंच करावें, ही आमची प्रार्थना.