ऑक्सिजनची पकड: विद्युतऋणतेची कुळकथा

दोन अणूंमधल्या बंधातले इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढण्याची अणूची क्षमता म्हणजे विद्युतऋणता. या कल्पनेचा जन्म बॅटरीमुळे झाला. १८०० मध्ये व्होल्टाची बॅटरी आली आणि १८०७ मध्ये हम्फ्री डेव्हीने तिच्या जोरावर वितळलेल्या पोटॅशमधून पोटॅशियम सुटे केले. विजेने संयुग फुटते, तर ते बांधलेलेही विजेनेच असणार, असा तर्क स्वीडनच्या बर्झेलियसने लढवला. १८११ मध्ये त्याने विद्युतऋणता ही संज्ञा रूढ केली आणि मूलद्रव्यांची उतरंड रचून तिच्या ऋण टोकाला ऑक्सिजन, तर धन टोकाला पोटॅशियम बसवले. सर्वांत विद्युतऋण असलेला फ्लोरिन १८८६ पर्यंत सुटा मिळालाच नव्हता. त्यामुळे पहिला मान ऑक्सिजनला गेला, यात बर्झेलियसचा दोष नाही.

त्याचा सिद्धान्त मात्र टिकला नाही. हायड्रोजनचे दोन सारखेच अणू एकमेकांना का धरतात, याचे उत्तर त्यात नव्हते. पुढे द्यूमा या रसायनशास्त्रज्ञाने अॅसेटिक आम्लातल्या तीन हायड्रोजनांच्या जागी क्लोरीन बसवले, तरी ते आम्लच राहिले. धन हायड्रोजनची जागा ऋण क्लोरीन घेऊ शकतो, म्हटल्यावर उतरंडीचा पायाच डळमळला.

शंभरेक वर्षांनी, १९३२ मध्ये, लायनस पॉलिंगने ही कल्पना आकड्यांत मांडली. हायड्रोजन–हायड्रोजन बंध तोडायला मोलमागे ४३६ किलोज्यूल लागतात, फ्लोरिन–फ्लोरिनला सुमारे १५८. सरासरी होते २९७. पण हायड्रोजन–फ्लोरिनला प्रत्यक्षात ५६५ च्या आसपास लागतात. ही वरकड ऊर्जा इलेक्ट्रॉनांच्या असमान ओढीतून येते, असे धरून पॉलिंगने मोजपट्टी बांधली. विद्युतऋणता थेट मोजणारे उपकरण नाही; हा हिशेबातून काढलेला आकडा आहे. मुलिकनने १९३४ मध्ये, तर ऑलरेड आणि रोकोने १९५८ मध्ये वेगळे हिशेब मांडले. तरी शाळा-कॉलेजांत चालते ती पॉलिंगचीच पट्टी.

आवर्तसारणीत डावीकडून उजवीकडे केंद्रकाचा धनभार वाढतो, अणू आखडतो आणि ओढ वाढते: लिथियम ०.९८, कार्बन २.५५, ऑक्सिजन ३.४४, फ्लोरिन ३.९८. गणात खाली उतरताना बाहेरचे इलेक्ट्रॉन केंद्रकापासून लांब जातात आणि ओढ सैल होते: क्लोरीन ३.१६, आयोडीन २.६६. पण अॅल्युमिनियम १.६१ असताना त्याखालचे गॅलियम १.८१ आहे. मधल्या दहा ‘डी’ इलेक्ट्रॉनांची आड अपुरी पडते, म्हणून गॅलियमचे केंद्रक अपेक्षेपेक्षा जोराने ओढते.

पोटॅशियम ०.८२ आणि क्लोरीन ३.१६, म्हणजे फरक २.३४. एवढ्या फरकामुळे म्युरेट ऑफ पोटॅश, म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, हे पक्के आयनी खत ठरते; जमिनीतल्या ओलीत त्यातले क्लोराइड सुटे होऊन पिकात शिरते. क्लोराइड जास्त झालेले तंबाखूचे पान नीट जळत नाही. त्यामुळे निपाणीकडच्या तंबाखूला पोटॅश द्यायचे तर सल्फेट ऑफ पोटॅश बरे.

विद्युतऋणतेतला फरक खनिजापासून धातू काढतानाही आडवा येतो. बेळगावजवळ चंदगड-राधानगरीच्या पठारांवर जांभ्यासोबत बॉक्साइट हे अॅल्युमिनियमचे खनिज सापडते. बेळगावच्या पूर्वीच्या इंडाल, आताच्या हिंडाल्को कारखान्यात बायर पद्धतीने त्यापासून अॅल्युमिना काढतात. गरम कॉस्टिक सोड्यात अॅल्युमिना विरघळते आणि लोखंडाची ऑक्साइडे लाल गाळ होऊन मागे राहतात. पण इथवर अॅल्युमिनियमवरची ऑक्सिजनची पकड सुटलेली नसते. दोघांच्या विद्युतऋणतेतला फरक १.८३ आहे. लोखंडाचा फरक १.६१, आणि त्याचा ऑक्सिजन झोतभट्टीतला कोळसा हिरावून घेतो. अॅल्युमिनियमपुढे तो हात टेकतो. व्योलरने १८२७ मध्ये अॅल्युमिनियम क्लोराइडवर पोटॅशियम सोडून हा धातू मिळवला होता, पण ही वाट फार महागडी होती. १८८६ मध्ये हॉल आणि एरू यांनी स्वतंत्रपणे विजेची वाट शोधली: अॅल्युमिना वितळलेल्या क्रायोलाइटमध्ये विरघळवून सुमारे ९६० अंश सेल्सियसला त्यातून वीज सोडायची. किलोभर धातूला तेरा ते पंधरा युनिट वीज लागते. बेळगावात आज फक्त अॅल्युमिना तयार होते; हिंडाल्कोचा धातू रेणुकूट, हिराकुड आणि महान अशा, वीज हाताशी असलेल्या ठिकाणी पाडला जातो.