मोठी थ्रॉटल बॉडी बसवली; ट्रकच्या कॉम्प्युटरचं काय?

भोपाळ : नागपूरहून पांढुर्णा, मुलताई, बैतूल करत भोपाळला निघालेला भरलेला ट्रक बरेठा घाटात धापा टाकू लागला, की मालकाला पिकअपची काळजी लागते. मग ‘मोठी थ्रॉटल बॉडी टाका, कॉम्प्युटर ट्यून करून घ्या,’ असा सल्ला कुणीतरी देतोच. खर्च करण्याआधी एकच गोष्ट पाहावी : इंजिन डिझेलचं आहे की सीएनजीचं? उत्तर त्यावर ठरतं.

सीएनजी इंजिन

थ्रॉटल बॉडी म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेची झडप. सीएनजी आणि पेट्रोल इंजिनाची ताकद याच हवेवर ठरते. ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, हवेचा अंदाज घेऊन इंधन सोडतो. वजनाने एक भाग सीएनजीला साधारण १७ भाग हवा लागते, पेट्रोलला १४.७.

समजा, ६० मिमीच्या जागी ७० मिमीची बॉडी बसवली. दिसायला फरक १० मिमीचा, पण हवेची वाट तब्बल ३६ टक्क्यांनी रुंद होते. कॉम्प्युटरच्या तक्त्यात मात्र जुनंच माप असतं. त्यामुळे आयडलिंग वर-खाली होतं, हलक्या पायालाही गाडी उडी घेते आणि चेक लाइट लागतो.

ट्यूनिंगचा क्रम असा :

• मूळ फाइल आधी जपून ठेवावी. गॅस्केटमधून हवा गळत नाही ना, ते पाहावं.
• झडप पूर्ण बंद आणि पूर्ण उघडी, या दोन्ही स्थिती स्कॅनरने नव्याने शिकवाव्यात.
• इंजिन गरम झाल्यावर आयडलिंग लावावं.
• झडपेचा कोन आणि हवा यांचा तक्ता नव्या मापाने भरावा. अचानक रेस दिल्यावर लागणारा गॅसही जुळवावा.
• शेवटी लोडवर गॅस-हवेचं प्रमाण तपासावं. इथे गॅस कमी पडला तर इंजिन मिसफायर होतं, उष्णता वाढते आणि व्हॉल्व्ह जळू शकतात.

एवढं करूनही जुनी बॉडी हवा अडवत नसेल, तर ताकद वाढत नाही. टर्बो इंजिनात मर्यादा बहुतेकदा टर्बोची असते.

डिझेल इंजिन

डिझेलमध्ये ताकद ठरते ती किती डिझेल फवारलं यावर. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ च्या अनेक गाड्यांत थ्रॉटल असतो, पण तो धूर फिरवणाऱ्या ईजीआरसाठी आणि डीपीएफ जाळून साफ करण्यासाठी. तो मोठा केल्याने पिकअप येत नाही; उलट सायलेन्सरकडची यंत्रणा बिघडू शकते.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलाबाहेर गाडीत बदल करता येत नाही. कलम १८२ए(४) नुसार अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. हा केंद्राचा कायदा आहे. नंबर एमएच असो वा एमपी, सुटका नाही. वॉरंटीचा दावाही अडकू शकतो.

पिकअप खरंच पडला असेल तर आधी एअर फिल्टर, टर्बोचे होज, इंधन फिल्टर आणि बीएस-६ डिझेल असेल तर डीपीएफ तपासून घ्यावा. फाटलेला होज बदलणं कॉम्प्युटरची फाइल बदलण्यापेक्षा स्वस्त पडतं.