साडेअकरा पौंड

आमच्या आजोबांना बाबासाहेबांच्या आयुष्यातल्या रकमा तोंडपाठ होत्या. ते औरंगाबादला मिलिंद महाविद्यालयाच्या वसतिगृहात राहून शिकले आणि पुढे जन्मभर मास्तरकी केली. रात्री जेवणं आटोपली की बाजेवर बसून आम्हा नातवंडांना म्हणायचे, "बाबासाहेब मोठे झाले हे सगळेच सांगतात. त्यांच्या शिक्षणाला पैसा कुणी दिला आणि तो कुठे संपला, हेही ठाऊक पाहिजे."

त्यांची गोष्ट केळुसकर गुरुजींपासून सुरू व्हायची. 1907 मध्ये भीमराव मॅट्रिक झाले, तेव्हा कृष्णराव अर्जुन केळुसकरांनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्यांना भेट दिलं. पुढे सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला तोही त्यांनीच. बडोद्याहून दरमहा 25 रुपये मिळू लागले आणि एल्फिन्स्टन कॉलेजातलं बी.ए.पर्यंतचं शिक्षण पुरं झालं. फेब्रुवारी 1913 मध्ये वडील गेले. त्याच वर्षी जूनमध्ये बडोदा संस्थानाशी करार झाला. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात तीन वर्षं शिक्षण, महिन्याला साडेअकरा पौंड आणि परतल्यावर दहा वर्षं संस्थानाची नोकरी.

"त्यातच खायचं, राहायचं, पुस्तकं घ्यायची अन् घरी रमाईलाही पाठवायचे," आजोबा एकेक बोट मोडत सांगत. ग्रंथालय, सेलिग्मन आणि ड्यूई यांचे वर्ग, जुन्या बाजारातून घेतलेली दोनेक हजार पुस्तकं, हे सगळं ते भराभर सांगायचे. थांबायचे ते मे 1916 पाशी. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात पंचवीस वर्षांच्या भीमरावांनी भारतातल्या जातींच्या उगमावर निबंध वाचला. साताऱ्याच्या शाळेत ज्या पोराला घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळं बसावं लागे, तो आता विद्वानांच्या बरोबरीने बसून जातिव्यवस्थेची चिकित्सा करत होता. "बरोबरीने बसायला मिळालं पोरी, ही खरी शिष्यवृत्ती," आजोबा म्हणत. मला वाटतं, परदेशी शिक्षणाने माणूस कसा बदलतो याचं इतकं नेमकं उत्तर मी पुढे कुठे वाचलं नाही.

पण गोष्ट इथे संपत नसे. 1916 मध्ये भीमराव लंडनला गेले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन, दोन्हीकडे नाव घातलं. शिष्यवृत्तीची मुदत सरली आणि 1917 मध्ये अभ्यास अर्धा टाकून परतावं लागलं. महायुद्ध चालू होतं. सामानाची आणि पुस्तकांची बोट पाणबुडीने बुडवली. नुकसानभरपाईचे 600 रुपये मिळाले, त्यातूनच बडोद्याला जायचा खर्च निघाला. बडोद्यात राहायला जागा मिळेना. पारशी सराईतून लोकांनी काठ्या घेऊन बाहेर काढलं. कचेरीत शिपाई कागद लांबून फेकत. इथे आलं की आजोबांचा आवाज चढायचा. कोलंबियाने बरोबरीने बसवलेल्या माणसाला आपल्या मुलखाने दारात उभं केलं नव्हतं.

अर्धवट राहिलेलं शिक्षण पुन्हा सुरू व्हायला 1920 उजाडलं. सिडनहॅम कॉलेजातल्या पगाराची शिल्लक, शाहू महाराजांची मदत आणि न्यूयॉर्कपासूनचे मित्र नवल भथेना यांचं कर्ज, एवढ्या आधारावर ते पुन्हा लंडनला गेले. 1923 मध्ये बॅरिस्टर होऊन परतले, त्याच वर्षी लंडन विद्यापीठाने डी.एस्सी. दिली.

आपल्याला मिळालेली संधी एकट्यापुरती राहू नये, ही त्यांची पुढची धडपड. 1942 मध्ये व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात त्यांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या परदेशी शिक्षणासाठी सरकारी पैसा मागितला. 1945 मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली. निजामी राजवटीतून नुकत्याच सुटलेल्या मराठवाड्यात 1950 साली त्या सोसायटीचं कॉलेज उभं राहिलं आणि आमच्या घरातला पहिला पदवीधर तिथे घडला. सयाजीरावांनी 1913 साली एका विद्यार्थ्याला दिलेला पैसा असा आमच्या दारापर्यंत पोचला.

आज राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची परदेश शिष्यवृत्ती आहे. माझ्या चुलतभावाला ती मंजूर झाली, तेव्हा सगळ्या भावकीत पेढे वाटले. पण पहिला हप्ता वेळेवर आला नाही. विमानाचं तिकीट आणि खोलीचं भाडं भागवायला काकूंनी पाटल्या गहाण ठेवल्या. तो शिकला, आता उत्तम संशोधन करतो. ज्यांच्या घरी गहाण ठेवायला पाटल्याच नसतात, त्यांचं काय होत असेल?

म्हणून मंजुरीच्या फायली ज्यांच्या टेबलावर येतात, त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. निवड करून थांबू नका, हप्ता तारखेला पोचवा आणि पदवी हाती येईपर्यंत मदत तोडू नका. 1917 साली बाबासाहेबांच्या वाट्याला जे आलं, ते आज एकाही विद्यार्थ्याच्या वाट्याला येता कामा नये.