मुसिरी सुब्रमण्य अय्यर : मैफलीतून वर्गाकडे

प्रस्तावना

मुसिरी सुब्रमण्य अय्यर (१८९९–१९७५) हे विसाव्या शतकातील कर्नाटक संगीताचे एक प्रमुख गायक आणि शिक्षक होते. ग्रामोफोनच्या तबकड्या आणि एक चित्रपट यांमुळे त्यांचे नाव घराघरांत पोहोचले. पण त्यांची जी खरी कला, ती त्या तबकड्यांत मावणारी नव्हती. ती पुढच्या पिढीपर्यंत आली ती मुख्यतः त्यांच्या शिकवण्यातून. या पाठात आपण त्यांच्या कारकिर्दीच्या आधारे एका व्यापक प्रश्नाचा विचार करू : गुरूच्या सहवासात शिकण्याची कला सरकारी महाविद्यालयात शिकवता येते का?

जडणघडण

त्यांचा जन्म आजच्या तमिळनाडूतील तिरुचिरापल्ली भागातल्या बोम्मलपाळयम या गावी झाला. वडील संस्कृतचे जाणकार होते. दक्षिणेत गायकाच्या नावाआधी गावाचे नाव लावण्याची प्रथा आहे. त्यानुसार कावेरीकाठच्या मुसिरी या गावाचे नाव त्यांना कायमचे चिकटले.

सुरुवातीचे शिक्षण दोन गुरूंकडे झाल्यावर ते टी. एस. सभेश अय्यर यांच्याकडे आले आणि सुमारे नऊ वर्षे तेथे शिकले. ही शिष्यपरंपरा लक्षात ठेवावी. सभेश अय्यर हे महा वैद्यनाथ अय्यर यांचे शिष्य. वैद्यनाथ अय्यरांचे गुरू मानंबुचावडी वेंकटसुब्बय्या, आणि ते साक्षात त्यागराजांचे (१७६७–१८४७) शिष्य. म्हणजे त्यागराजांच्या रचना मुसिरींपर्यंत तोंडी परंपरेने, मोजक्या पायऱ्यांत आल्या होत्या. सभेश अय्यर स्वतः पुढे अण्णामलै विद्यापीठाच्या संगीत महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. गुरुकुल आणि महाविद्यालय हे दोन वेगळे काळ नव्हते. एकाच माणसाच्या आयुष्यात दोन्ही येत होते.

मैफल आणि निरवल

ध्वनिवर्धक सर्रास वापरात येण्यापूर्वी गायकाला सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचवावा लागे. उंच पट्टीतल्या, तार सप्तकात सहज फिरणाऱ्या आवाजाला त्या काळी मोठी किंमत होती. मुसिरींचा आवाज तसाच होता. तरीही जाणकारांनी त्यांना नावाजले ते संथ लयीतल्या भावपूर्ण गायनासाठी, आणि विशेषतः निरवलासाठी.

निरवल म्हणजे काय? कृतीतील एक अर्थपूर्ण ओळ निवडायची आणि तीच ओळ निरनिराळ्या स्वरवाक्यांतून पुन्हा पुन्हा मांडायची. हिंदुस्थानी गायकीतील बोलआलापाशी याची तुलना करता येईल. मात्र येथे बंधन अधिक कडक आहे. तालाच्या आवर्तनात ज्या मात्रेवर जो शब्द मूळ रचनेत येतो, तो साधारण तेथेच यायला हवा. स्वर बदलतात, शब्दांची जागा बदलत नाही. शब्द भलत्या ठिकाणी तुटला तर अर्थाचा अनर्थ होतो. त्यागराजांच्या बहुतेक कृती तेलुगूत आहेत. तमिळभाषक गायकाला त्यामुळे अर्थ नीट समजून घ्यावाच लागतो. ओळ ठरलेली, ताल ठरलेला आणि तरीही प्रत्येक आवर्तन नवे, अशी ही परीक्षा आहे.

मद्रासच्या म्युझिक अकॅडमीने १९३९ च्या वार्षिक परिषदेचे अध्यक्षपद त्यांना दिले. हा मान ‘संगीत कलानिधी’ या पदवीने ओळखला जातो. त्या वेळी त्यांचे वय अवघे चाळीस होते.

तबकडी आणि चित्रपट

त्यागराजांची आभेरी रागातील ‘नगुमोमु’ ही कृती लोकप्रिय करण्यात मुसिरींच्या तबकडीचा मोठा वाटा होता. आभेरी हा भीमपलासीला जवळचा राग आहे. मात्र ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूस जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे गाणे बसे. सावकाश फुलत जाणाऱ्या निरवलाला तेथे जागा नव्हती. म्हणून केवळ तबकड्या ऐकून त्या काळच्या गायकाचे मूल्यमापन करणे धोक्याचे ठरते. इतिहासाचे साधन काय टिपते याबरोबरच काय वगळते, हेही पाहावे लागते.

१९३८ साली ‘तुकाराम’ या तमिळ चित्रपटात त्यांनी संत तुकारामांची भूमिका केली. प्रभातचा मराठी ‘संत तुकाराम’ त्याआधी दोनच वर्षे, १९३६ मध्ये आला होता. देहूचा संत तमिळ पडद्यावर कसा, असे विद्यार्थ्यांना वाटेल. पण तंजावरवर १६७६ च्या सुमारास सुरू झालेले भोसल्यांचे राज्य १८५५ पर्यंत टिकले. मराठी कीर्तनाची पद्धत तेथील हरिकथेत मिसळली. त्यागराजही याच राज्यात, तंजावरजवळच्या तिरुवैयारू येथे राहिले. तमिळ प्रेक्षकाला तुकाराम परके नव्हते. मुसिरींनी मात्र पुन्हा चित्रपटात काम केले नाही.

प्राचार्यपद

१९४० च्या दशकात प्रकृतीच्या कारणाने त्यांच्या मैफली कमी होत गेल्या. १९४९ मध्ये मद्रास सरकारने कर्नाटक संगीताचे महाविद्यालय सुरू केले आणि मुसिरी त्याचे पहिले प्राचार्य झाले. १९६५ पर्यंत ते या पदावर होते. उत्तरेत पलुस्करांचे गांधर्व महाविद्यालय (लाहोर, १९०१) आणि भातखंडे यांच्या पुढाकाराने उभे राहिलेले लखनौचे महाविद्यालय (१९२६) यांनी ही वाट आधीच पाडली होती. आक्षेपही तेच होते : तासांची घंटा, अभ्यासक्रम आणि परीक्षा यांतून पदवीधर होतील, गायक होतील का?

मुसिरींच्या शिष्यवर्गाकडे पाहिले तर उत्तराचा काही भाग मिळतो. टी. के. गोविंदराव, मणी कृष्णस्वामी, सुगुणा पुरुषोत्तमन, तसेच मुंबईत वाढलेल्या आणि ‘बॉम्बे सिस्टर्स’ म्हणून प्रसिद्ध झालेल्या सी. सरोजा व सी. ललिता हे सर्व मैफलीचे कलावंत झाले. यांत स्त्रिया किती आहेत हे लक्षात घ्यावे. पुरुष गुरूच्या घरी वर्षानुवर्षे राहून शिकणे बहुतेक मुलींना शक्य नव्हते. महाविद्यालयाचे दार त्यांना उघडे होते. गोविंदरावांनी पुढे त्यागराजांच्या कृती स्वरलेखनासह देवनागरी लिपीतही प्रसिद्ध केल्या. त्यामुळे दक्षिणेतील लिप्या न येणाऱ्या वाचकालाही त्या खुल्या झाल्या.

समारोप

तरीही महाविद्यालयाची बाजू एकतर्फी मांडता येणार नाही. निरवलाचे नियम अर्ध्या तासात सांगता येतात. कोणत्या शब्दावर किती थांबायचे, हे गुरूसमोर बसून ऐकल्याशिवाय कळत नाही. वर उल्लेखिलेले शिष्य घडले ते एका कसलेल्या गायकाच्या प्रत्यक्ष सहवासात. संस्थेने दार उघडले आणि गुरूने आत नेले, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल. मुसिरींना १९७१ मध्ये पद्मभूषण मिळाले. चेन्नईच्या मैलापूर भागातील एका रस्त्याला आज त्यांचे नाव आहे.

विचारासाठी प्रश्न

१. निरवल आणि बोलआलाप यांतील साम्य व भेद सांगा.
२. ग्रामोफोनची तबकडी हे संगीताच्या इतिहासाचे साधन म्हणून कितपत विश्वसनीय आहे?
३. संगीत महाविद्यालयांमुळे संगीत शिकणाऱ्यांचा वर्ग कसा बदलला? आपल्या परिसरातील एका संस्थेच्या आधारे लिहा.