चांद्याचा ससा

चंद्रपूरच्या परकोटाची कथा सांगू लागलो की वर्गातली मुले पुढे सरकतात. गोंड राजा खांडक्या बल्लाळशहा शिकारीला निघाला. कपाळावर पांढरा चांद असलेला ससा त्याच्याच कुत्र्याच्या पाठीस लागला. अखेर कुत्र्याने त्याला मारले. राणीच्या सल्ल्याने राजाने त्या धावेच्या वाटेवर कोट आखला.

एकदा एका मुलीने विचारले, "गुरुजी, हे खरे का?"

मी तोऱ्यात म्हणालो, "साफ खोटे! असाच ससा विजयनगरला धावला, अहमदाबादलाही धावला."

वर्ग हिरमुसला. ती मात्र खाली बसेना. "मग तिन्ही गावांनी एकच खोटे का सांगितले?"

मी निरुत्तर झालो. ससा खोटा असेल. दुबळ्याने बलवानाला पळवावे, ही हौस खोटी नव्हती. १८५८ साली बाबूराव शेडमाके याच रानातून इंग्रजांवर उठले आणि २१ ऑक्टोबरला चांद्याच्या तुरुंगात फासावर गेले. फासाचा दोर तुटत राहिला, असे लोक अजून सांगतात. मन मानत नाही, तिथे माणूस कथा रचतो.

खोटे पकडले की माझे कुतूहल संपत असे. त्या मुलीचे तिथून सुरू झाले. तेव्हा राहिलेली शाबासकी आज देतो.