वतनाचा वारस कोण?

मराठेशाहीत गावचा पाटील वारला, की बरेचदा भाऊबंदकी डोकं वर काढी. वाद वतनाच्या, म्हणजे वंशपरंपरागत हुद्द्याच्या, इनाम जमिनीचा असे, तितकाच वडीलपणाचाही. होळीची पहिली पोळी कोणाची, पोळ्याला पुढे बैल कोणाचा, यावरूनही चुलत घराणी पिढ्यान्‌पिढ्या भांडत.

निवाडा गोतसभेत होई. देशमुख, देशपांडे, शेजारगावचे पाटील आणि बलुतेदार जमत. निकालाच्या महजरावर, म्हणजे निवाड्याच्या कागदावर, पाटील नांगराची निशाणी करी, इतर आपापल्या अवजाराची. बलुतेदारांच्या साक्षीलाही वजन होतं, ही मोलाची गोष्ट.

कागद-साक्षींनी निकाल लागेना, तर दिव्य, म्हणजे दैवी परीक्षा! दावेदाराचे हात धुऊन नखं काढत. मग तो उकळत्या तेलातला धातूचा रवा बाहेर काढी. हातांना पिशव्या बांधून मोहोर करत आणि काही दिवसांनी सर्वांसमक्ष उघडत. हात भाजलेला दिसला, की दावा बुडाला. आज हे वाचतानाही अंगावर काटा येतो.

हरलेल्याला यजितखत, म्हणजे हार कबूल केल्याचा कागद, लिहून द्यावा लागे, शिवाय गुन्हेगारी, म्हणजे दंड. जिंकलेला सरकारात हरकी, म्हणजे जिंकल्याबद्दलची रक्कम, भरी. कित्येकदा हरलेला पुढे दुसरा दरबार गाठी.

विधवा आईच्या नावे वाद चालल्याचे दाखले आहेत. मुलींचा हक्क मात्र सहसा चर्चेतच नसे. 1962 च्या कायद्याने पाटीलकीची वतनं रद्द झाली; मुलींना वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतका जन्मसिद्ध वाटा देणारी हिंदू वारसा कायद्यातली दुरुस्ती महाराष्ट्रात 1994 मध्ये आली.