१ ते १० आणि परत १ : एक वीस अंकी मूळ संख्या

१ पासून १० पर्यंतच्या संख्या सलग लिहाव्यात आणि ९ पासून परत १ पर्यंत उतरावे. तयार होते १२३४५६७८९१०९८७६५४३२१. ही वीस अंकी संख्या मूळ संख्या आहे. १ आणि ती स्वतः यांखेरीज कशानेही तिला निःशेष भाग जात नाही. अशा संख्येला मराठी पुस्तकांत मूळ संख्या म्हणतात, कन्नडमध्ये ‘अविभाज्य संख्ये’. आपल्या भागात घरातली मुले दोन्ही माध्यमांत शिकतात, म्हणून दोन्ही शब्द माहीत असावेत.

डेम्लो संख्या

देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५-१९८६) यांनी ‘डेम्लो’ संख्यांचा अभ्यास केला. ११ चा वर्ग १२१, १११ चा वर्ग १२३२१. असेच नऊ एकांचा वर्ग केला की १२३४५६७८९८७६५४३२१ मिळते. ही सतरा अंकी संख्या वर्ग आहे, म्हणजे मूळ असूच शकत नाही. वरची संख्या दिसायला तिची सख्खी बहीण. फरक इतकाच, की ९ वरून मागे न फिरता आपण १० पर्यंत चढलो. तेवढ्याने ती अभंग झाली.

घरी करण्याची तपासणी

शेवटचा अंक १, म्हणून २ आणि ५ बाद. अंकांची बेरीज ९१, तिला ३ ने भाग जात नाही, म्हणून ३ बाद. उजवीकडून एकाआड एक अंकांच्या बेरजा ४६ आणि ४५ येतात. फरक १, म्हणून ११ बाद. डेम्लो संख्येत मात्र बेरीज ८१ येते आणि ९ चा भाग लगेच सापडतो.

एवढ्याने संख्या मूळ ठरत नाही. भागाकार करूनच खात्री करायची तर सुमारे ३५१ कोटींपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहावे लागेल. संगणक यापेक्षा जवळचे मार्ग वापरतो. २००२ साली आयआयटी कानपूरच्या मणिंद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी सिद्ध केले, की अंक वाढले तरी वेळ आवाक्याबाहेर जाणार नाही अशी खात्रीशीर पद्धत आहे.

व्यवहारात

आमच्या खतावणीच्या काळात नऊचा ताळा करत असू. अंकांची अदलाबदल झाली तर तो चूक पकडत नाही, कारण बेरीज तीच राहते. आज ऑनलाइन व्यवहारांच्या सुरक्षिततेसाठी वापरली जाणारी आरएसए पद्धत मूळ संख्यांवर उभी आहे. दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार सोपा, पण गुणाकारावरून त्या दोन शोधणे फार अवघड. तिथे शेकडो अंकी संख्या लागतात. आपली वीस अंकी संख्या त्या कामाला तोकडी. पण ‘मूळ’ म्हणजे काय हे नातवंडांना समजवायला ती पुरेशी आहे, आणि ती पाठही लगेच होते.